किर्गिझ झेंड्यावरचे तुंदुक आणि ते वाकवणारे हात

माणदेशी (धागाकर्ता)

डिसेंबर २०२३ मध्ये किर्गिझस्तानच्या संसदेने राष्ट्रध्वज बदलण्याचा कायदा संमत केला आणि अध्यक्ष सादिर जपारोव यांनी त्यावर स्वाक्षरी केली. लाल झेंड्यावरच्या पिवळ्या सूर्याचे ४० किरण १९९२ पासून लाटांसारखे वळणदार होते, ते आता सरळ झाले. जुना सूर्य सूर्यफुलासारखा दिसतो आणि किर्गिझ भाषेत सूर्यफुलाला जो शब्द आहे त्याला 'दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा, परावलंबी' अशीही छटा आहे, असे कारण सांगण्यात आले. या बदलाविरुद्ध निदर्शनांची हाक देणाऱ्या एका कार्यकर्त्याला अटक झाली. किरण वळणदार असावेत की सरळ, यावर माणसाला कोठडीत टाकणारे सरकार स्वतःच्या वारशाबद्दल नेमके काय समजून बसले आहे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

सूर्याच्या मधोमध जे चिन्ह आहे ते तुंदुक. किर्गिझ मेंढपाळांचे गोल, नमद्याने (म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाने) झाकलेले घर म्हणजे यर्ट. त्याच्या छताच्या टोकाशी जे लाकडी कडे असते, ज्यातून धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो, ते तुंदुक. वाळुंजाच्या जातीतल्या झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचे, त्याला भोके पाडायची, तांबड्या रंगात रंगवायचे आणि छताच्या सगळ्या काठ्या त्यात अडकवायच्या, हे काम इसिक-कूल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या किझिल-तू गावात आजही घरोघर चालते. भिंतीच्या जाळ्या मोडतात, नमदा कुजतो, पण तुंदुक बापाकडून मुलाकडे जाते.

माझे मत असे आहे की, किर्गिझ अस्मितेचा जो भाग खऱ्या अर्थाने जिवंत राहिला तो लोकांनी घरात, कुरणांवर आणि मझारींपाशी, म्हणजे पवित्र स्थळांपाशी, सांभाळला म्हणून राहिला. राज्याने त्यातून वेळोवेळी सोयीची चिन्हे उचलली आणि ती आपल्या छातीवर लावली. राजधानी बिश्केकच्या आला-तू चौकाचेच पाहा. तेथे आधी लेनिन होता, २००३ मध्ये त्याला संग्रहालयाच्या मागे हलवून स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती आली, आणि २०११ मध्ये तीही जाऊन घोड्यावर बसलेला महाकाव्यातला वीर मनास आला. तीच जागा, एकापाठोपाठ तीन पुतळे. १९९५ मध्ये अध्यक्ष अस्कार अकायेव यांच्या सरकारने मनास महाकाव्याची १००० वर्षे साजरी केली आणि त्यातून 'मनासची सात तत्त्वे' काढून ती राष्ट्रीय विचारसरणी म्हणून मांडली. २००३ मध्ये किर्गिझ राज्यसंस्थेची २२०० वर्षे साजरी झाली. दोन वर्षांनी अकायेव यांना देश सोडून पळावे लागले. सात तत्त्वे आज कोणाला आठवतात?

याउलट शिरदाक पाहा. शिरदाक म्हणजे नमद्याचा नक्षीदार गालिचा. आपली घोंगडी मागावर विणली जाते, हा विणला जात नाही. लोकर काठ्यांनी झोडून पिंजतात, चिय नावाच्या गवताच्या काड्यांच्या चटईवर पसरतात, कढत पाणी ओतून चटई गुंडाळतात आणि मग तिला लाथा घालत किंवा जनावरामागे ओढत नेतात, की तंतू एकमेकांत घुसून नमदा तयार होतो. पुढे दोन रंगांचे नमदे एकमेकांवर ठेवून, वरच्यावर खडूने मेंढ्याच्या शिंगाची नक्षी काढून, दोन्ही एकाच सुरीने एकत्र कापायचे, आणि एकाची कापलेली नक्षी दुसऱ्याच्या पोकळीत बसवून शिवायची. म्हणून शिरदाक नेहमी जोडीने जन्माला येतात: लालावर काळा आणि काळ्यावर लाल. कापडाचा एक तुकडा वाया जात नाही. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यावर सामूहिक शेतांचे कळप मोडले, देशातल्या सुमारे १ कोटी मेंढ्या पाच-सहा वर्षांत निम्म्याहून कमी झाल्या, कोणालाच पगार मिळेना. त्या काळात कोचकोरसारख्या गावांतल्या बायांनी एकत्र येऊन शिरदाक विकायला सुरुवात केली, स्विस संस्थांनी थोडा हात दिला, आणि ही कला तरली. २०१२ मध्ये युनेस्कोने तिला 'तातडीने जतन करण्याच्या' यादीत घातले, म्हणजे ती अजूनही धोक्यात आहेच.

तसेच मझारींचे. बिश्केकच्या आयगिने या संशोधन केंद्राने गुलनारा आयत्पायेवा यांच्या पुढाकाराने देशभरातली हजाराहून अधिक पवित्र स्थळे नोंदवली आहेत: झरे, एकटी झाडे, दगड, थडगी. त्यांची देखभाल करणाऱ्यांना कोणी नेमलेले नसते. सोव्हिएत काळात तेथे जाणे अंधश्रद्धा होती, आज काही मौलवींच्या मते ते शिर्क, म्हणजे देवाशी दुसऱ्या कोणाची बरोबरी करण्याचे पाप, आहे, आणि तरीही झाडांना चिंध्या बांधल्या जातच आहेत.

मतभेद अपेक्षित आहेत, किंबहुना त्यासाठीच लिहिले आहे.


अभिलेख

शिरदाकाचे वर्णन उत्तम, निष्कर्ष मात्र मला भाबडा वाटतो. लोकांनी सांभाळले आणि राज्याने उचलले, अशी वाटणी करताना आपण मनासच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट वगळली आहे. ती म्हणजे कागद.

सागिम्बाय ओरोझबाकोव हे मनासची, म्हणजे मनास गाणारे कलावंत, १९३० मध्ये वारले. १९२२ मध्ये कयूम मिफ्ताकोव हे लोकसाहित्याचे संग्राहक त्यांच्यापर्यंत पोहोचले नसते आणि नंतर इब्रायिम अब्द्रख्मानोव यांनी काही वर्षे त्यांच्यासमोर बसून सुमारे १ लाख ८० हजार ओळी उतरवून घेतल्या नसत्या, तर सागिम्बाय यांच्याबरोबर त्यांचा मनासही मातीत गेला असता. पुढे सयाकबाय करालायेव यांच्याकडून ५ लाखांहून अधिक ओळी लिहून घेण्यात आल्या. हे काम मेंढपाळांच्या तंबूत आपोआप झाले नाही. त्यासाठी वेतन लागले, कागद लागला, हस्तलिखिते ठेवायला अकादमी लागली. तोंडी परंपरा अमर असते ही समजूत ज्यांनी एकाही गायकाची शेवटची पिढी पाहिलेली नाही त्यांचीच असते.

दुसरे असे की, राज्य नसेल तर वारशावर दावा कोण सांगणार? २००९ मध्ये चीनने मनासची नोंद युनेस्कोच्या यादीत आपल्या नावाने करून घेतली. त्यांचाही आधार खोटा नव्हता: शिनजियांगमध्ये किर्गिझ लोक राहतात आणि जुसुप मामाय यांच्यासारखा थोर मनासची तेथलाच. पण बिश्केकमध्ये त्यावरून जो संताप उसळला त्यातून पुढे मनासविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि २०१३ मध्ये मनास, सेमेतेय आणि सेयतेक या तिन्ही खंडांची नोंद किर्गिझस्तानच्या नावाने झाली. कोचकोरच्या बाया युनेस्कोच्या बैठकीत बसून हे करू शकल्या असत्या का?

झेंड्याबाबत आपल्याशी सहमत. तो मूर्खपणा होता.


माणदेशी

अभिलेख, कागदाचे महत्त्व मान्य. पण त्याच कागदाची कथा पुढे वाचावी. ज्या राज्याने मनास लिहून घेतला त्याच राज्याने १९५२ मध्ये तो 'प्रतिगामी, बूर्झ्वा राष्ट्रवादी' ठरवण्याचा घाट घातला आणि फ्रुंझेमध्ये, म्हणजे आजच्या बिश्केकमध्ये, त्यावर परिषद भरवली. लेखक मुख्तार औएझोव यांच्यासारखे लोक बाजूने उभे राहिले म्हणून तो वाचला, आणि औएझोव हे किर्गिझ नव्हेत, कझाक. अकादमीच्या कपाटात ठेवलेली वस्तू एका परिपत्रकाने कुलूपबंद होऊ शकते. मनासची ज्या स्वप्नातून आपल्याला गाण्याची आज्ञा झाली असे सांगतो, त्या स्वप्नावर मात्र कोणाला परिपत्रक काढता आले नाही.

शिवाय अब्द्रख्मानोव हे पेशाने शाळामास्तर होते. त्यांना मी सरकारच्या खात्यात जमा करणार नाही, आपण केले तरी.


स्वरदा

दोघेही 'लोक' हा शब्द असा वापरत आहात जणू लोक म्हणजे एकच माणूस आहे आणि त्याचे मन शुद्ध आहे. मला या धाग्यातले हेच सर्वांत जास्त खटकले.

आला-काचू, म्हणजे मुलीला पळवून नेऊन लग्न लावणे, हेही किर्गिझ खेड्यांत 'आमची परंपरा' म्हणूनच सांगितले जाते. पळवलेल्या मुलीच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधायला पुढे येतात त्या घरातल्या वडीलधाऱ्या बायाच, आणि रात्रभर त्या घरात राहिलेली मुलगी माहेरी परतली तर लाज जाते असे सांगणारेही शेजारीपाजारीच. हा समुदायाने चालवलेला वारसा नव्हे काय? त्याविरुद्ध जे काही उभे राहिले ते महिला संघटनांच्या रेट्यामुळे आणि कायद्यामुळे. २०१३ च्या सुरुवातीला शिक्षा वाढवून १० वर्षांपर्यंत नेली गेली, तरी पळवापळवी थांबलेली नाही, कारण अनेकदा गावातले पोलीसही त्याच परंपरेचे असतात. युनेस्कोच्या २००३ च्या करारातही म्हटले आहे की मानवी हक्कांशी सुसंगत असेल तोच वारसा विचारात घेतला जाईल. अशी चाळणी लावायची म्हटले की समुदायाच्या बाहेरचे कोणीतरी लागतेच.

आणि आपण ज्या शिरदाकाचे एवढे कौतुक केले त्याचे पाहा. मनासचे गायक नावानिशी ओळखले जातात, त्यांचे पुतळे उभे राहतात, मनास स्वतः चौकात घोड्यावर आहे. सेयदेने मोल्दोके किझी यांच्यासारख्या एखाद्या स्त्री-गायिकेचे नाव अभ्यासकांपुरतेच राहते, आणि नमदा लाथाडून ज्यांचे गुडघे गेले त्या बायांचे तर नावच नाही. आपल्या लेखातही नाही, माणदेशी. 'कोचकोरच्या बाया' एवढेच आहे. प्रतिसाद देताना अभिलेख यांनीही तेच शब्द उचलले.


माणदेशी

आरोप मान्य. नावे मला ठाऊक नाहीत हेच त्याचे उत्तर, आणि ते उत्तर आपल्या मुद्द्याला बळच देते. आला-काचूबाबत मात्र एक विनंती: ज्यांनी त्याविरुद्ध रस्त्यावर येऊन आवाज उठवला त्या बायकाही त्याच समुदायातल्या होत्या. वाईट प्रथा म्हणजे समुदाय आणि सुधारणा म्हणजे राज्य, अशी वाटणी केली तर आपणही माझीच चूक उलट दिशेने करत आहात.


ओशवासी

मी दक्षिण किर्गिझस्तानातल्या ओश शहरात वैद्यकीय शिक्षणाच्या चौथ्या वर्षाला आहे, मूळचा लातूर जिल्ह्यातला. येथे महाराष्ट्रातली पुष्कळ मुले शिकतात, पण बहुतेकांचे किर्गिझस्तान वसतिगृह, कॉलेज आणि भारतीय खानावळ या त्रिकोणाबाहेर जात नाही. माझेही दोन वर्षे गेले नव्हते. वरची चर्चा वाचताना वाटले की सगळेजण 'किर्गिझ लोक' आणि 'किर्गिझ राज्य' यांच्याबद्दल बोलत आहेत आणि माझ्या शहरातल्या निम्म्या लोकांचा उल्लेखच नाही.

ओशच्या मधोमध सुलैमान-तू हा डोंगर आहे. २००९ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. किर्गिझस्तानचे ते पहिले स्थळ. त्यावर एक दगड आहे, शेकडो वर्षे माणसे घसरून तो काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. मूल व्हावे म्हणून किंवा कंबरदुखी जावी म्हणून बाया त्यावरून घसरतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रांगेत एक किर्गिझ आजी होती, तिच्यामागे एक उझबेक सून आणि तिची सासू, आणि सर्वांत मागे सेल्फी घेणाऱ्या दोन कॉलेजकन्यका. आजीने घसरून झाल्यावर त्या सुनेचा हात धरून तिला चढायला मदत केली. वर बाबराने बांधलेल्या छोट्या घराची नव्याने उभारलेली प्रतिकृती आहे; आंदिजानचा तो राजपुत्र पुढे आपल्याकडे आला हे तेथल्या लोकांना सांगितले की ते फार खूष होतात. या डोंगराला राष्ट्र नाही, निदान दगडाला तरी नाही.

आणि याच शहरात जून २०१० मध्ये किर्गिझ आणि उझबेक यांच्यात जे झाले त्यात ४०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य उझबेक. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो त्या उझबेक मावशी त्याबद्दल बोलत नाहीत. फक्त एकदा, राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर मनास चालू असताना त्यांनी आवाज कमी केला आणि म्हणाल्या, 'सुंदर गातात, पण आमच्या लग्नात कोणी हे गात नाही.' देशात दर सात माणसांतला साधारण एक उझबेक आहे. राष्ट्राची ओळख मनासवर उभी करायची, तर या मावशी त्या ओळखीत कोठे बसतात? हा प्रश्न मी माणदेशी यांना विचारतो आणि अभिलेख यांनाही, कारण चौकातला मनास असो की तंबूतला, मावशींसाठी दोन्ही सारखेच.

मे २०२४ मध्ये बिश्केकला जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले तेव्हा आम्हाला ओशमध्येही काही दिवस बाहेर पडू नका असे सांगितले होते. तेव्हा रोज भाकरी आणून देणाऱ्या याच मावशी. समुदाय हा शब्द तेव्हापासून मला दोन्ही बाजूंनी दिसतो.


अभिलेख

ओशवासी यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याने माझ्या बाजूचेही नुकसान होते हे मी मान्य करतो. अकायेव यांच्या काळात 'किर्गिझस्तान आपले सामायिक घर' अशी घोषणा होती आणि त्याच सरकारचा मनास-महोत्सवही होता. दोन्ही गोष्टी एकाच मुठीत धरता येतील असे त्यांना वाटले. नंतरच्या सरकारांनी घर सोडले आणि मनास ठेवला.

तरीही एक उदाहरण देतो, कारण राज्य आणि समुदाय यांच्यात नेहमी झटापटच होते असे नाही. २००९ च्या कुरणविषयक कायद्याने उन्हाळी कुरणांचा, म्हणजे जायलूंचा, कारभार जिल्हा-प्रांतांच्या अधिकाऱ्यांकडून काढून गावपातळीवरच्या समित्यांकडे दिला. कोणता कळप कधी कोणत्या जायलूवर जाईल, पूल कोण दुरुस्त करेल, शुल्क किती, हे गुरे पाळणाऱ्यांनीच ठरवायचे. समित्यांमध्ये भांडणे आहेत, श्रीमंत कळपवाले दांडगाई करतात, हे सगळे खरे. पण जायलू नाही तर कळप नाहीत, कळप नाहीत तर लोकर नाही, आणि लोकर नाही तर शिरदाक आणि यर्ट दोन्ही प्लास्टिकचे. मला वारशाचे रक्षण म्हणून पुतळ्यापेक्षा हा कायदा मोठा वाटतो, आणि तो राज्याने केला आहे.


माणदेशी

या मुद्द्यावर मी माघार घेतो. माणमध्ये वाढलेल्या माणसाने कुरणाचा विचार आधी करायला हवा होता. चराई बंद झाली की घोंगडी कशी संपते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राज्याने चिन्हे उचलण्याऐवजी जमीन परत दिली तर माझी तक्रार उरत नाही. मात्र आपल्याच उदाहरणातून हेही दिसते की त्या कायद्याचे कौतुक बिश्केकच्या कोणत्याही चौकात दगडात कोरलेले नाही.

ओशवासी यांच्या मावशींसाठी माझ्याकडे उत्तर नाही. सुलैमान-तूवरच्या दगडासारख्या जागा, जिथे कोण कोणाचा हे कोणी विचारत नाही, त्यांना मी आजवर 'किर्गिझ वारसा' म्हणत आलो. त्या वारसा आहेत, पण त्या शब्दातले पहिले विशेषण मी यापुढे जपून वापरीन.


स्वरदा

ओशवासी, आपण कधी कोचकोरला गेला आहात का? धाग्यात शिरदाकावर एवढे लिहिले गेले आणि शिरदाक करणाऱ्या बाईशी कोणीच बोललेले नाही.


ओशवासी

गेल्या उन्हाळ्यात मित्राच्या गाडीने सोन-कूल सरोवराकडे जाताना तेथे एक रात्र राहिलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंना सगळे एजे म्हणत होते, म्हणजे ताई. वय साठीच्या पुढचे. नाव विचारून घेतले होते, पण त्यांना न विचारता येथे लिहीत नाही. अंगणात दोन नमदे, एक विटकरी आणि एक निळा, एकावर एक ठेवलेले होते आणि त्या गुडघ्यावर बसून सुरी अंगठ्याच्या मागच्या बाजूने ढकलत होत्या. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. आवाज ओला पुठ्ठा कापल्यासारखा येतो. मी त्यांना मोडक्या किर्गिझमध्ये विचारले की हा वारसा आहे का, तर त्यांना तो शब्दच कळला नाही. मित्राने समजावले तेव्हा म्हणाल्या की हे काम आहे, आणि लोकर यंदा महाग आहे.

निघताना मी विचारले की जोडीतले दोन्ही शिरदाक विकता का. त्या म्हणाल्या, विटकरीवर निळा जो होईल तो एका जर्मन बाईने आधीच सांगून ठेवला आहे. निळ्यावर विटकरी जो होईल तो मुलीसाठी. मुलगी मॉस्कोला एका दुकानात काम करते, खोलीत चौघी राहतात, अंथरायला जागा नाही. तिचे आधीचे तीन तसेच बांधून ठेवले आहेत, कसर लागू नये म्हणून दर वसंतात उन्हात टाकतात.